विला कार्लोताची बाग: दिवस परतीच्या बोटीपासून मागे मोजा

इटलीत कोमो सरोवराकाठी विला कार्लोता हे जुनं घर आणि त्याची बाग आहे. तिथे जाऊन आलेल्या माणसाला 'बाग कशी होती?' असं विचारा. बरेचदा उत्तर येतं ते बोटीच्या रांगेबद्दल, नाहीतर 'फुलं फारशी नव्हतीच' असं. खोदून विचारलं की कळतं, बागेच्या वाट्याला जेमतेम चाळीस मिनिटं आली होती, तीही भर दुपारची, आणि त्यातली निम्मी घरातल्या पुतळ्यांपुढे गेली. हे सगळं आदल्या रात्रीच ठरून गेलेलं असतं, कारण वेळापत्रक नीट कुणी पाहिलेलंच नसतं.

मिलानहून सकाळी निघून संध्याकाळी परत यायचं आहे असं धरून पुढचे टप्पे दिले आहेत. क्रम बदलू नका. विशेषतः चौथा टप्पा तिकीट काढण्याआधी कागदावर करायचा आहे.

टप्पा १: आधी महिना, मग तारीख

या बागेचे जे फोटो सगळीकडे फिरतात, त्यात गोल कातरलेल्या अझेलियांच्या गुलाबी-लाल भिंती आणि मधून जाणारी अरुंद वाट दिसते. हा देखावा काही आठवड्यांचाच असतो. अझेलिया आणि ऱ्होडोडेंड्रॉन एप्रिल-मेमध्ये फुलतात. भर साधारण एप्रिलच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत असतो आणि हवामानानुसार आठवडाभर पुढेमागे सरकतो. जूनच्या शेवटी तीच झुडपं हिरवे गोळे होऊन बसलेली असतात. ते फोटो पाहून जुलैत जाणाऱ्यांची निराशा ठरलेली.

महिन्यांचा ढोबळ हिशोब असा. मार्चमध्ये कॅमेलिया, एप्रिल-मेमध्ये अझेलिया, मे-जूनला गुलाब, त्यानंतर हायड्रेंजिया. जुलै-ऑगस्टमध्ये जायचंच असेल तर फुलांची आशा सोडा आणि बांबूचं बन, नेच्यांची दरी, लिंबूवर्गीय झाडांचा मांडव यांसाठी जा. ऑक्टोबरमध्ये पानांचे रंग पाहायला मिळतात आणि गर्दीही ओसरलेली असते. मला स्वतःला हाच महिना जास्त आवडतो, पण फुलांसाठी जाणाऱ्याला तो सुचवणार नाही.

बाग साधारण मार्चच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत रोज उघडी असते. हिवाळ्यात बंद, मधले काही ठरावीक दिवस सोडले तर. नेमक्या तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे त्या वर्षीच्या तारखा बागेच्या संकेतस्थळावरच पाहा.

सावध: २५ एप्रिल आणि १ मे या इटलीत सार्वजनिक सुट्ट्या आहेत आणि दोन्ही अझेलियाच्या भरातच येतात. ईस्टरनंतरचा सोमवारही सुट्टीचा. त्या दिवशी अर्धं मिलान सरोवराकडे निघतं. शक्य असेल तर या तारखा आणि सगळे रविवार टाळून मंगळवार ते गुरुवार यांतला दिवस घ्या.

टप्पा २: कोमो शहराची वाट सोडा

सर्वांत महागात पडणारी चूक ही. सरोवराचं नाव कोमो, म्हणून लोक कोमो शहराची गाडी पकडतात. सरोवराचा आकार उलट्या वाय अक्षरासारखा आहे आणि कोमो शहर त्याच्या नैऋत्य टोकाला पडतं. विला कार्लोता आहे मधल्या भागात, पश्चिम किनाऱ्यावर, त्रेमेत्झो आणि कादेनाब्बिया यांच्यामध्ये. कोमोहून साध्या बोटीने तिथे पोचायला जवळपास दोन तास जातात. जलद बोट लवकर पोचवते, पण तिचं भाडं जास्त, आणि गर्दीच्या दिवसांत ती भरूनही जाते. किनाऱ्याने सी१० ही बस आहे. तिचा रस्ता मात्र अरुंद, आणि सुट्टीच्या दिवशी तो तुंबतो.

मिलानहून सोपी वाट पूर्व किनाऱ्याने आहे. मिलानो चेंत्राले स्थानकावरून लेकोमार्गे सोंद्रियो किंवा तिरानोला जाणारी त्रेनोर्द या रेल्वे कंपनीची गाडी पकडायची, तासाभराहून थोड्या जास्त वेळात वारेन्ना-एझिनो स्थानकावर उतरायचं, धक्क्यापर्यंत चालत यायचं आणि समोरच्या काठाला बोटीने जायचं.

नावांचा एक घोळ इथेच मिटवून टाकू. २०१४पासून त्रेमेत्झो, लेन्नो वगैरे गावांची मिळून त्रेमेत्झिना ही एक नगरपालिका झाली आहे. त्यामुळे नकाशावर पत्ता त्रेमेत्झिना दिसतो आणि धक्क्यांची नावं मात्र जुनीच. दोन्ही बरोबर आहेत.

टप्पा ३: वेळापत्रक वाचायला शिका

बोटी नाविगात्सिओने लागी ही सरकारी सेवा चालवते. तिच्या वेळापत्रकात लोक तीन ठिकाणी अडखळतात.

पहिलं, बोटींचे तीन प्रकार आहेत आणि त्यांची कोष्टकं वेगवेगळी. 'बात्तेल्लो' म्हणजे सावकाश जाणारी, धक्क्याधक्क्याला थांबणारी बोट. 'सेर्वित्सिओ रापिदो' म्हणजे जलद बोट. तिला जादा भाडं पडतं, ती मोजक्याच धक्क्यांवर थांबते आणि बसायचं आत, बंद जागेत. 'त्रागेत्तो' म्हणजे मोटारी वाहून नेणारी फेरी. ती मधल्या भागात वारेन्ना, मेनाज्जो, बेलाज्जो आणि कादेनाब्बिया या चार धक्क्यांमध्ये फिरते. गाडी नसलेल्यांनाही ती घेते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. ते बात्तेल्लोचं कोष्टक पाहून 'पुढची बोट दीड तासाने' म्हणत बसतात आणि शेजारून फेरी निघून जाते.

दुसरं, 'फेरियाले' म्हणजे कामाचे दिवस, त्यात शनिवारही आला. 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सुट्ट्या. माझी एक अख्खी सकाळ या दोन शब्दांपायी वाया गेली आहे. २५ एप्रिल शुक्रवारी आला होता, मी आपला शुक्रवारचा रकाना पाहत राहिलो.

तिसरं, धक्क्यांची नावं. बात्तेल्लोसाठी 'विला कार्लोता' या नावाचाच धक्का आहे, बागेच्या दाराशी. मात्र तिथे सगळ्या बोटी थांबत नाहीत. म्हणून मुख्य बेत कादेनाब्बिया फेरीचा ठेवा. तिथून बाग काठाकाठाने दहाएक मिनिटांच्या चालीवर आहे. विला कार्लोता धक्क्याची बोट वेळेत बसली, तर ती वरकड.

तपासा: तुमच्याकडचं वेळापत्रक कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत लागू आहे? वसंत, उन्हाळा आणि शरद यांची वेगळी पत्रकं निघतात. जुना फोटो कुणी पाठवला असेल तर तो काढून टाका.

टप्पा ४: उलटा हिशोब

आधी लगीन कोंढाण्याचं, तशी इथे आधी परतीची गाडी. दिवसाची शेवटची गाडी धरून बेत आखू नका. तिच्या आधीची एक तरी गाडी 'आपली' ठरवा आणि तिथून मागे या.

समजा, वारेन्नाहून मिलानची गाडी १७:३७ला आहे. धक्क्यापासून स्थानकाचा रस्ता चढाचा आहे, त्यात फलाट शोधणं आलं, म्हणून १७:२०ला स्थानकावर असायला हवं. म्हणजे बोट वारेन्नाला १७:००पर्यंत लागली पाहिजे. कादेनाब्बियाहून बोट बेलाज्जोमार्गे गेली तर अर्धा तास धरा, म्हणजे १६:३०ची फेरी. रांगेसाठी वीस मिनिटं: १६:१०ला धक्क्यावर. चालायला दहा आणि पाय ओढत निघण्याची दहा मिनिटं, म्हणजे बागेच्या दारातून १५:५०ला बाहेर.

आता पुढून मोजा. बागेला दोन ते अडीच तास, घराला पाऊण तास, बसायला-खायला पाऊण तास. एकूण चार. म्हणजे ११:५०ला आत शिरलेला माणूसही कसाबसा वेळेत बसतो, पण तो नेमका गर्दीबरोबर आणि चढत्या उन्हात फिरतो. दहाच्या सुमारास दारात असाल तर मध्ये पावणेदोन तासांचा वेळ मोकळा उरतो. तो भरू नका. एखादी बोट चुकली तर हाच वेळ उपयोगी पडतो.

वरच्या वेळा फक्त उदाहरणाच्या आहेत, त्या जागी तुमच्या तारखेच्या वेळा घाला.

सावध: इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात. 'शोपेरो' हा शब्द दिसला की थांबून वाचा. कामाच्या दिवशीच्या संपात सकाळी ६ ते ९ आणि संध्याकाळी ६ ते ९ या वेळात ठरावीक गाड्या सोडल्याच जातात. त्या पट्ट्यात जाणं-येणं बसवता आलं तर दिवस वाचतो. उन्हाळ्यात लेकोच्या पुढे मार्गाचं काम निघालं तर गाडीऐवजी बस धावते आणि तिला वेळ जास्त लागतो. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी हे दोन्ही पाहून घ्या.

टप्पा ५: काय घ्यायचं

पकड असलेले बूट, पाण्याची बाटली, पातळ रेनकोट. छत्री बोटीवर वाऱ्याने उलटते आणि बागेतल्या अरुंद वाटांवर दुसऱ्याच्या डोळ्यात जाते. चाकाची बॅग आणू नका. सामान घेऊन हॉटेल बदलण्याच्या दिवशी ही बाग ठेवणं हीच मुळात चूक आहे. वयाप्रमाणे सवलत घेणार असाल तर ओळखपत्र जवळ हवं.

टप्पा ६: स्थानकापासून धक्क्यापर्यंत

मिलानो चेंत्रालेच्या फलकावर 'वारेन्ना' शोधू नका, ते दिसणार नाही. तिथे गाडीचं शेवटचं स्थानक असतं: तिरानो किंवा सोंद्रियो. जाण्याचं आणि येण्याचं तिकीट दोन्ही मिलानलाच काढून ठेवा. वारेन्ना लहान स्थानक आहे, संध्याकाळी तिथल्या तिकिटासाठी रांग धरणं परवडत नाही.

कागदी तिकिटावर गाडीत चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्या. तिकीट खरं असूनही शिक्का नसेल तर दंड होतो आणि 'माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. परतीच्या तिकिटावर शिक्का परतीच्या वेळी. सकाळी दोन्हीवर मारून मोकळे होणारे असतात.

गाडीत डाव्या बाजूला बसा. लेको मागे पडलं की पाणी त्याच बाजूला दिसतं.

वारेन्नाला उतरल्यावर धक्का उतारावर आहे, दहाएक मिनिटं. इथे लोक घाईत वाटेतल्या पहिल्याच कॉफीच्या दुकानात शिरतात आणि समोरून बोट जाते. आधी तिकीटघर, मग कॉफी.

टप्पा ७: बोट

तिकीट काढताना जाण्या-येण्याचं एकदमच घ्या, संध्याकाळची एक रांग वाचते. बेलाज्जोलाही उतरायचं असेल तर मधल्या भागापुरतं दिवसभराचं मुक्त तिकीट मिळतं. 'लिबेरा चिर्कोलात्सिओने, चेंत्रो लागो' असं मागा. दोनच फेऱ्या करायच्या असतील तर ते घेऊ नका, साधी तिकिटं स्वस्त पडतात.

सावध: वारेन्नाच्या धक्क्यावरून मेनाज्जोची आणि बेलाज्जोची फेरी एकाच जागेवरून सुटते आणि दोन्ही सारख्याच दिसतात. समोरच्या माणसांच्या मागे चालत जाऊ नका. चढताना खलाशाला एकच शब्द विचारा, 'कादेनाब्बिया?' तो मान हलवेल किंवा हाताने दुसरी फेरी दाखवेल. बेलाज्जोला सगळे उतरले म्हणून तुम्हीही उतरू नका. बहुतेक वेळा तीच बोट पुढे कादेनाब्बियाला जाते, पण तेही विचारूनच.

सकाळी सरोवर शांत असतं. पहाटे उत्तरेकडून तिवानो नावाचा वारा वाहतो, तो पडला की दुपारच्या सुमाराला दक्षिणेकडून ब्रेवा हा दुसरा वारा सुटतो. परतीच्या बोटीवर उघड्या बाकांवर बसणार असाल तर मे महिन्यातही अंगावर काहीतरी लागतं.

टप्पा ८: बागेत चढायचं आधी

कादेनाब्बियाला उतरलात की पाणी डाव्या हाताला ठेवून चालत राहा. रस्ता वाहता आहे, मुलांना आतल्या बाजूला घ्या.

दारावर तिकीट एकच मिळतं, त्यात बाग आणि घरातलं संग्रहालय दोन्ही येतं. नकाशा मागून घ्या. तो घेतल्याशिवाय वर जाऊ नका, कारण वाटा फुटतात, वळतात, आणि दोन पातळ्यांमध्ये कोणता जिना कुठे नेतो हे खालून कळत नाही.

आता क्रम. दारातून आत आलं की दुहेरी जिन्याचा चढ थेट घरासमोर नेतो. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक जण आधी घरात शिरतो. तुम्ही शिरू नका. कारणं तीन आहेत.

बाग पश्चिम काठावर, पूर्वेकडे तोंड करून उभी आहे. सकाळचं ऊन थेट तिच्यावर येतं आणि फुलांचे रंग तेव्हाच उघडतात. दुपार कलली की पाठीमागच्या डोंगरामुळे ऊन लवकर उतरतं. घरातले पुतळे ऊन-सावलीची वाट पाहत नाहीत, ते दोनलाही तसेच असतात. दुसरं, बाग सुमारे ८ हेक्टर आणि सगळी उतारावर आहे. चढ ताज्या पायांनी चढायचा. तिसरं, मोठे गट मार्गदर्शकाबरोबर आधी घर पाहतात. ते आत असेपर्यंत वरच्या वाटा मोकळ्या मिळतात.

म्हणून घराला वळसा घालून आधी अझेलियांच्या वाटा धरा. फोटो काढायचे असतील तर इथेच, सकाळीच. वाट अरुंद आहे, मध्ये थांबून रांग अडवू नका. एखाद्या वळणावर बाजूला होऊन गट पुढे जाऊ द्या, दोन मिनिटांत वाट रिकामी होते. झुडपांच्या आत घुसून फोटो काढणारे दरवर्षी दिसतात. अझेलियाची मुळं अगदी वरवर पसरलेली असतात आणि बुंध्याजवळची माती तुडवली की झाड खंगतं. आत पाऊल टाकू नका.

तिथून नेच्यांच्या दरीकडे. इथे सावली आणि ओल असते, दगड निसरडे होतात. पाऊस पडून गेला असेल तर हात मोकळे ठेवा, फोन खिशात. मग वर बांबूच्या बनाकडे. बरेच जण दरी पाहून 'झाली बाग' म्हणत खाली वळतात आणि बांबू राहून जातो. नकाशावर तुमची जागा पाहा: बांबूचं बन मागे पडल्याशिवाय उतरायला लागायचं नाही.

पाम, लिंबू आणि नेचे इतक्या उत्तरेला, आल्प्सच्या पायथ्याशी कसे तगतात, हा प्रश्न वर उभं राहिल्यावर पडतोच. उत्तर समोरच पसरलेलं असतं. सरोवर ४०० मीटरहून जास्त खोल आहे. इतकं पाणी उन्हाळ्यात साठवलेली ऊब हिवाळ्यात हळूहळू सोडतं, म्हणून काठावर कडक थंडी टिकत नाही.

उतरताना घरासमोरच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या जुन्या बागेतून या आणि लिंबूवर्गीय झाडांचा मांडव शेवटी ठेवा. तोवर ऊन चढलेलं असतं आणि मांडवाखाली सावली असते.

तपासा: घड्याळ पाहा. दोन तासांहून कमी लागले असतील तर वरच्या भागातलं काहीतरी राहून गेलंय, नकाशा पुन्हा उघडा. तीन तास झाले असतील तर घराचा वेळ कापा, परतीच्या बोटीचा नको.

ज्यांना पायऱ्या झेपत नाहीत त्यांनी आधीच ईमेल करून विचारावं आणि तिकीटखिडकीवरही पायऱ्या टाळणारी वाट नकाशावर खुणा करून घ्यावी. संपूर्ण बाग त्यांना पाहता येणार नाही. सोबतच्यांनी सकाळीच वेगळं व्हावं आणि भेटायची जागा घरासमोरची ठरवावी. सगळ्यांनी एकत्रच फिरायचा हट्ट धरला की कुणाचीच बाग पूर्ण होत नाही.

टप्पा ९: घर

पाऊण तास पुरे. खालच्या मजल्यावर संगमरवरी दालनात डॅनिश शिल्पकार थोरवाल्डसेनची सिकंदराच्या बॅबिलोन-प्रवेशाची शिल्पपट्टी आणि इटालियन शिल्पकार कानोव्हाचा पालामेदेस या ग्रीक वीराचा पुतळा आहे. वेळ कमी असेल तर एवढंच पाहा. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतून सरोवर पाहायला जा, सामानसुमान ओझरतं पाहिलं तरी चालेल.

सावध: तिकीटखिडकी बाग मिटण्याच्या बरीच आधी बंद होते. 'सहाला बंद म्हणजे साडेपाचला पोचू' हा हिशोब दारातच फसतो.

टप्पा १०: जेवण आणि दुसरी बाग

इटलीत खानावळींचं स्वयंपाकघर दुपारी अडीचच्या आसपास मिटतं आणि पुन्हा थेट संध्याकाळी उघडतं. तीन वाजता बाहेर पडून जेवण शोधलं तर गार पावच मिळेल. बारा-साडेबाराला बागेतल्याच कॅफेत काहीतरी खाऊन घ्या.

दिवस लवकर सुरू केला असेल आणि दोन-अडीच तास खरोखर मोकळे असतील, तर वाटेवरच्या बेलाज्जोला उतरून विला मेल्झीची बाग जोडता येते. ती धक्क्यापासून चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे आणि वाट बहुतेक सपाट. तिथलं राहतं घर खाजगी आहे, आत जाता येत नाही. लेन्नोचा विला देल बाल्बियानेल्लो मात्र याच दिवशी ओढू नका. तो सोमवारी आणि बुधवारी सहसा बंद असतो, घर पाहायचं तर वेळ आधी ठरवावी लागते आणि लेन्नोहून पुढे चाल किंवा छोटी बोट लागते. त्याला वेगळा दिवस द्या.

टप्पा ११: परत

ठरवलेल्या वेळेला दाराबाहेर. फेरीत चढताना पुन्हा खलाशाला विचारा, या वेळी 'वारेन्ना?' रविवारी संध्याकाळी बेलाज्जोला बोट भरते आणि काही जण धक्क्यावरच राहतात. कादेनाब्बियालाच चढलेले असाल तर तुमची जागा आधीच पक्की असते, तिथे पाय मोकळे करायला खाली उतरू नका.

वारेन्नाच्या स्थानकावर आधी तिकिटावर शिक्का मारा, मग मिलानच्या दिशेचा फलाट विचारून घ्या. गाडीत आता जागा उजव्या बाजूची धरा.